भिंतीतली अँबॅसडर

दसऱ्याच्या सकाळी कुसाबाई खिंडारात खुर्ची टाकून बसली होती.

खिंडार म्हणजे दोन मुलांच्या अंगणांमधल्या भिंतीत गाडीच्या रुंदीची मोकळी जागा. तिचा नवरा चिमाजी गेल्यावर वाल्मीक आणि अमोल यांनी इंदिरानगरच्या बंगल्याचे दोन भाग केले, तेव्हा बापाची अँबॅसडर अंगणात आडवी, बंद पडून उभी होती. तिला आपल्या बाजूला ओढून घ्यायची दोघांची तयारी होती, दुसऱ्याच्या बाजूला जाऊ द्यायची कुणाचीच नव्हती. गवंडी समजूतदार निघाला. त्यानं रस्त्याकडून भिंत आणली ती गाडीच्या एका अंगाला, पुढच्या आणि मागच्या दाराच्या बरोबर मध्ये टेकवली, आणि दुसऱ्या अंगापासून पुढे सुरू केली. बॉनेट वाल्मीकच्या अंगणात राहिलं, डिकी अमोलच्या. पावसाळ्यात दोघं भाऊ आपापल्या अर्ध्यावर आपापली ताडपत्री टाकत. दसऱ्याला मोठी सून यशोदा बॉनेटला हार घाली आणि धाकटी चैताली डिकीला. गाडी दोन्हीकडून पुजली जायची आणि जागची हलायची नाही.

भावांचं बोलणं पाण्याच्या टाकीवरून बंद झालं होतं. टाकी नंतर फुटली, दोघांनी नव्या घेतल्या, पण बोलणं काही सुरू झालं नाही. कुसाबाईची वाटणी महिन्यांवर झाली होती. पहिली तारीख आली की तिनं पिशवी उचलायची, वाल्मीकच्या फाटकातून रस्त्यावर यायचं, लावलेल्या गाड्या, कुत्री आणि गटाराचं झाकण चुकवत अमोलच्या फाटकातून आत जायचं. पुढच्या महिन्यात हेच उलटं. गेल्या वर्षीच्या श्रावणात त्या झाकणाला ठेचकाळून ती पडली. दवाखान्यात दोन्ही मुलं भेटायला आली, वेगवेगळ्या वेळी. खाटेवर पडल्यापडल्या तिच्या लक्षात आलं की ती गाडी तिथून हलल्याशिवाय आपलं रस्त्यावरचं चालणं थांबायचं नाही.

म्हणून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बागलाणातल्या लेकी माहेरी जातात त्या दिवशी, तिनं दोन्ही घरांत वेगवेगळं सांगितलं. "मला एकदा तुमच्या बापाच्या गाडीत सटाण्याला जायचंय. अक्काला भेटायचंय. मग माझं काय व्हायचं ते होवो." वाल्मीक तयार झाला, कारण आपण नाही म्हणालो तर अमोल करील. अमोलही त्याच भीतीनं तयार झाला. ट्रकवर चढवून गाडी अंबडला सहादू मिस्त्रीकडं गेली आणि भिंतीत खिंडार उरलं.

या पाच महिन्यांत कुसाबाईनं चैन केली. सकाळचा चहा वाल्मीककडं, भाकरी अमोलकडं, दुपारची झोप जिथं पंखा रिकामा असेल तिथं. पहिली तारीख कधी येऊन गेली ते कुणाला कळलंसुद्धा नाही. यशोदाच्या मेथीची वाटी पलीकडं जाऊ लागली आणि चैतालीचं ताक इकडं येऊ लागलं. भाऊ कामावर गेले की दोन्ही घरं एक असायची आणि ते परत आले की दोन.

आता मात्र गाडी चालती झाली होती आणि खिंडाराच्या कडेला विटांचा ढीग पडला होता. विटा वाल्मीकनं आणल्या, वाळू अमोलनं. एवढं एकमत त्यांच्यात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. गवंडी उद्या सकाळी येणार होता. कुसाबाई विटांकडं पाहत होती. तिला वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

*

छाया देवळाली कॅम्पहून बसनं आली, नाक्यावरून रिक्षा केली आणि वाल्मीकच्या फाटकातून आत शिरली, कारण तो मोठा. मग खिंडारातून अमोलकडं जाऊन पाणी प्याली. नाहीतर त्यानं मनात ठेवलं असतं. ती दोघांच्या मधली बहीण, आणि या घराचा टेलिफोन. 'दादाला सांग' आणि 'त्याला सांग' ही दोन वाक्यं तिनं आयुष्यात इतकी ऐकली होती की नवऱ्यानं कधी 'सांग' म्हटलं तरी ती आधी विचारायची, कुणाला.

"आली वाटतं," वाल्मीकची मुलगी वेदिका म्हणाली.

हॉर्न ओळखीचा होता.  लहानपणी बापाचा हा हॉर्न वाजला की त्या तिघा भावंडांना पुस्तकं उघडून बसायची सवय होती. गाडी कोपऱ्यावरून वळली. स्टिअरिंगवर वाल्मीक होता. मागून अमोल ॲक्टिवावर, आपल्या अर्ध्यावर नजर ठेवून.

गाडी फाटकासमोर थांबली. बघायला सगळे रस्त्यावर आले.

पुढचा भाग फिका हिरवा होता, मुगाच्या डाळीच्या सालाचा असतो तसा. मागचा भाग गडद, कडुलिंबाच्या जुन्या पाल्याचा. दोन्ही रंग पुढच्या आणि मागच्या दाराच्या बरोबर मध्ये भेटत होते, म्हणजे जिथं भिंत टेकायची तिथं. छप्पर तांबडं होतं. त्यावर रंगच नव्हता, नुसता प्रायमर.

"बाबा, ही तीन रंगांची का आहे?" वेदिकानं विचारलं.

"एकच रंग आहे," वाल्मीक म्हणाला. "हिरवा."

"दोन हिरवे आहेत."

"माझा बरोबर आहे. मी बॉनेट दाखवून तसाच मिळवून आणला."

अमोलनं ॲक्टिवा स्टँडला लावली. "ताई, त्याला सांग, बॉनेटनं वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय. मूळ रंग डिकीच्या झाकणाला आतून आहे. तिथं ऊन जात नाही. मी तो दाखवून आणला."

"दादा, तो म्हणतो..."

"ऐकलं मी. त्याला सांग, गाडी लोक बाहेरून बघतात. डिकीत शिरून नाय बघत."

"आणि छपराचं काय?" कुसाबाईनं खिंडारातून विचारलं.

दोघांनी छपराकडं पाहिलं.

"छप्पर माझ्याकडं नव्हतं," वाल्मीक म्हणाला.

"माझ्याकडं तर नव्हतंच," अमोल छायाला म्हणाला.

"मिस्त्रीनं विचारलं नाय का?"

"विचारलं होतं," वाल्मीक म्हणाला. "मी म्हणालो, ते तो बघून घेईल."

"मला विचारलं तेव्हा मीपण तेच म्हणालो," अमोल म्हणाला, आणि हे छायाला सांगायचं विसरून थेट आईला सांगितलं.

आरटीओत पासिंगच्या वेळी साहेबानं गाडीभोवती एक चक्कर मारली होती, जुन्या पुस्तकात रंग बघितला होता, 'हिरवा' असं पुन्हा लिहिलं होतं आणि चहा सांगा म्हणाला होता. कागदोपत्री गाडी हिरवीच होती.

पूजा झाली. यशोदानं बॉनेटला हार घातला आणि पुढच्या चाकांखाली दोन लिंबं ठेवली. चैतालीनं डिकीला हार घातला आणि मागच्या चाकांखाली दोन ठेवली. नारळ दोन फुटले. मग सगळे कुसाबाईकडं वळले, कारण हा सगळा घाट तिच्यासाठी होता. ती नवं लुगडं नेसून तयारच होती. पिशवीत अक्काबाईसाठी शेवचिवडा होता.

कुसाबाईनं गाडीकडं पाहिलं. पुढच्या सीटवर ती आयुष्यात कधी बसली नव्हती. ती जागा चिमाजींच्या शेजारी बसणाऱ्या कांद्याच्या दलालांची. ती कायम मागं, मुलं आणि पोती यांच्यात. आज पुढं बसून माहेरच्या गल्लीत उतरायचं, असं तिनं पाच महिने मनात घोकलं होतं. मग तिनं विटांकडं पाहिलं.

"माझा गुडघा धरलाय," ती म्हणाली. "तुम्ही तिघं जा. अक्कालाच इकडं घेऊन या."

"आई, सगळं तुझ्यासाठी केलं," वाल्मीक म्हणाला.

"मग माझ्यासाठीच जा. आणि तिघंबी जा. म्हाताऱ्या माणसाला उचलून बसवायला दोघं लागतात."

तिघंही गेले. वाल्मीक पुढं, अमोल मागं, कारण मागचा भाग त्याचा होता. छाया पुढं बसली असती तर अमोलला वाईट वाटलं असतं, मागं बसली असती तर वाल्मीकला. ती पुढं बसली आणि मान वळवून मागं बघत राहिली. चार लिंबं एकदमच फुटली. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तेव्हा कुसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि हाक मारली, "वेदिका, विटा आण."

*

यशोदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. तिला वाटलं, सासूबाईंना बसायला पाट-बिट उंच करायचा असेल. वेदिकानं दोन विटा नेल्या, मग चार, मग घमेलं भरून. पलीकडून चैताली आली आणि पदर खोचून तीही वाहू लागली. यशोदा हात पुसत बाहेर आली.

गाडी उभी होती तिथली जमीन तेलानं काळी झाली होती आणि चाकांच्या जागी चार खड्डे होते. वेदिकानं त्या खड्ड्यांत अमोलची वाळू भरून सारखी केली होती. त्यावर चैताली विटा लावत होती, आडव्या, एकीला एक चिकटून, अंगणाच्या फरशीसारख्या. या अंगणातून त्या अंगणात.

"आई, ह्या विटा भिंतीच्या आहेत," यशोदा म्हणाली.

"हायेत ना."

"उद्या गवंडी येणार आहे."

"येऊ दे. त्याच्या पायाला चिखल नाय लागायचा."

"हे मला बोलतील. तुम्हाला काही बोलणार नाहीत, मला बोलतील."

"मग तू आत राहा," कुसाबाई म्हणाली. "तुला काय ठाऊक नव्हतं. चैताली, तूबी ठाऊक नव्हतं म्हण. तुझ्या नवऱ्याचा राग दोन दिवस टिकतो, यशोदाच्या नवऱ्याचा दोन पिढ्या."

चैताली हसली नाही. हातातली वीट तशीच धरून ती यशोदाकडं पाहत होती. या दोघी जावा एकमेकींशी वाईट कधीच नव्हत्या. नवरे बोलत नाहीत म्हणून त्या बोलत नसत, आणि सवय लागल्यावर कारण कुणी आठवत बसत नाही. भिंत झाली त्या वर्षी वेदिका दहावीला होती. तिचं गणित चैतालीनं घेतलं होतं, रोज संध्याकाळी, बंद गाडीच्या मागच्या सीटवर बसून. पोरगी पुढच्या दारानं आत जायची आणि चैताली मागच्या. यशोदाला ते माहीत होतं. तिनं नवऱ्याला कधी सांगितलं नाही आणि चैतालीचे आभारही कधी मानले नाहीत.

"तिसरी ओळ वाकडी चाललीये," यशोदा म्हणाली.

"मला दोरी मिळेना."

"थांब, आणते."

ती आत गेली, वाळवणाची दोरी सोडून आणली आणि एक टोक चैतालीच्या हातात दिलं. दुसरं टोक धरून ती आपल्या बाजूला खाली बसली. पुढचं काम नीट झालं. सिमेंट नव्हतं, विटा नुसत्या वाळूवर बसवल्या होत्या, पण पाय ठेवला तर हलत नव्हत्या. मध्ये चहा झाला. तो चहा कुणाच्या घरचा होता ते कुणीच पाहिलं नाही.

"गणिताचं मी तुला कधी बोलले नाही," यशोदा म्हणाली.

"कुठल्या?"

"वेदिकाच्या."

"ते होय," चैताली म्हणाली आणि पुढची वीट मागितली.

*

गाडी पिंपळगावपर्यंत उत्तम चालली. लोक वळून पाहत होते. वाल्मीकला वाटलं इंजिन पाहून, अमोलला वाटलं नवीन सीटकव्हर पाहून. छायाला छपराची कल्पना होती, ती गप्प राहिली. सोग्रस फाट्याला वळून गाडी भावडबारीच्या घाटाला लागली, दोनदा आचके दिले, आणि चढावर अगदी अदबीनं बंद पडली. मागून कांद्यानं भरलेले ट्रक हॉर्न वाजवत जाऊ लागले.

वाल्मीकनं बॉनेट उघडलं. पंपाला हात लावला, कार्ब्युरेटर पाहिला.

"छाया, त्याला सांग, माझं इंजिन ठणठणीत आहे. पेट्रोलच येत नाही. टाकी त्याची."

छाया मागं आली. अमोल डिकी उघडून उभा होता.

"टाकी मी खाली उतरवून धुऊन घेतली, ताई. काच आहे काच. त्याला सांग, ओढायचं काम पंपाचं असतं. पंप त्याचा."

छाया पुढं गेली. "पंप तुझा म्हणतो."

"पंप नवा आहे. त्याला विचार, टाकीत पेट्रोल आहे का."

ती मागं आली. पुढं गेली. ऊन चढलं होतं. अठ्ठावन्न वर्षांची बाई घाटात एका गाडीच्या दोन टोकांना येरझाऱ्या घालत होती आणि ट्रकवाले तिच्याकडं पाहत होते. चौथ्या फेरीला ती गाडीच्या मध्यावर थांबली, बरोबर त्या दोन हिरव्यांच्या सांध्याशी.

"मधल्या नळीचं कुणी काय केलं?" तिनं विचारलं. ती मेकॅनिक नव्हती. टाकी मागं, पंप पुढं, म्हणजे मध्ये काहीतरी असणार एवढाच तिचा विचार होता.

दोन्ही टोकांना दोघं वाकून गाडीखाली पाहू लागले. टाकीपासून पंपापर्यंत गाडीच्या पोटाखालून जाणारी पेट्रोलची नळी चिमाजींच्या वेळचीच होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

"ते..." वाल्मीक म्हणाला.

"तो बघेल, असंच ना?" छाया म्हणाली. "बरं. आता मला चहा प्यायचाय. ती टपरी दिसतीये तिथं मी बसते. आजपासून माझ्याकडून निरोप जाणार नाहीत. आयुष्यभर वाहिले, माझा घसा बसला."

तिनं पर्स उचलली आणि खरोखरच गेली. मागं वळून पाहावंसं तिला फार वाटत होतं. तिनं पाहिलं नाही.

वाल्मीक बॉनेटपाशी उभा राहिला. कारखान्यात लेथवर आयुष्य गेलेल्या माणसाला काय करायचं ते कळत होतं. नळी दोन्हीकडून सोडवायची, एका टोकानं जोरात फुंकायचं आणि दुसऱ्या टोकाला गंज बाहेर पडतो का ते पाहायचं. अडचण एकच होती. एका माणसाला दोन्ही टोकांना थांबता येत नाही. त्यानं पाना घेऊन पुढचं टोक सोडवलं. मागं अमोलच्या पान्याचा आवाज येत होता. म्हणजे त्यालाही कळलं होतं. मग तो आवाज थांबला आणि डिकीखालून अमोलचे फक्त पाय दिसू लागले.

वाल्मीकनं नळी तोंडात धरली आणि फुंकली. काही झालं नाही. पुन्हा फुंकली. गालफडं दुखली. झालं की नाही हे विचारायला कुणीच नव्हतं. टपरीवर छाया त्यांच्याकडं पाठ करून बसली होती.

एक ट्रक गेला. दुसरा गेला.

"आलं का?" वाल्मीक म्हणाला. म्हणाला म्हणजे ओरडला, कारण तिसरा ट्रक येत होता.

"नाय," डिकीखालून आवाज आला.

त्यानं पुन्हा फुंकलं. "आता?"

"थोडं लाल आलं. अजून मार."

"आता?"

"जोर कर, दादा. सिगारेट सोडली ना तू?"

सोडल्याला तीन वर्षं झाली होती. अमोलला हे कुणी सांगितलं, हा प्रश्न वाल्मीकच्या मनात आला आणि त्यानं सगळा श्वास एकवटून फुंक मारली. नळीत काहीतरी निसटलं. मागं अमोल खोकला.

"आलं. सगळा गंज तोंडावर आला. थांब आता, मी इकडून मारतो. तू तोंड काढ."

वाल्मीकनं तोंड काढायला उशीर केला. पेट्रोलचा सपकारा थेट त्याच्या घशात गेला. तो रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून थुंकू लागला, ओकाऱ्या देऊ लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कपाळावर गंजाचा पट्टा ओढलेला अमोल पाण्याची बाटली घेऊन शेजारी येऊन बसला.

"चूळ भर. गिळू नको."

वाल्मीकनं चूळ भरली. पुन्हा भरली. डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं.

"पेट्रोल लय वाईट," तो म्हणाला.

"हो ना," अमोल म्हणाला. त्याचेही डोळे लाल झाले होते, आणि त्याच्या तोंडात पेट्रोल गेलेलं नव्हतं.

*

परतीच्या वाटेवर अमोल पुढं बसला होता. अक्काबाईला दोघांनी उचलून मागं बसवलं होतं, छायाच्या शेजारी. नव्वदीला टेकलेल्या अक्काबाईनं बसायच्या आधी गाडी नीट पाहून घेतली होती.

"छपराले रंग नई?" तिनं विचारलं होतं.

"राहिला, मावशी," वाल्मीक म्हणाला होता.

"देऊ आता," अमोल म्हणाला होता. कोण देणार ते दोघांनीही सांगितलं नाही.  नाशिकच्या वाटेत एकदा अमोलनं न सांगता काच खाली केली, आणि वाल्मीकनं वर करायला सांगितली नाही. छायाला एवढं पुरे होतं. ती अक्काबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

दिवेलागणीला गाडी दारात आली. पुढचे दिवे सरळ अंगणात पडले आणि त्या उजेडात वाल्मीकला विटा दिसल्या. या अंगणातून त्या अंगणापर्यंत, ओळीत. दोन्ही सुना दोन बाजूंना दोरी गुंडाळत उभ्या होत्या. विटांवर कुसाबाईची बाज टाकलेली होती, अर्धी इकडं, अर्धी तिकडं. बाजेवर ती स्वतः बसली होती आणि शेजारी तिची पिशवी.

वाल्मीक खाली उतरला. यशोदानं मान खाली घातली नाही.

"ह्या उभ्या रचायच्या होत्या," तो म्हणाला.

"मला ठाऊक होतं," यशोदा म्हणाली.

"मलापण," पलीकडून चैताली म्हणाली.

अमोल आणि छाया अक्काबाईला दोन्ही बाजूंनी धरून घेऊन आले. अक्काबाई विटांवरून सावकाश चालत आली, बहिणीजवळ बसली आणि दोघी बराच वेळ एकमेकींचे हात हातात घेऊन नुसत्या बसून राहिल्या. मग अक्काबाईनं दोन्ही घरांकडं पाहिलं. बहिणीचे महिने वाटलेले आहेत हे तिला सटाण्यात बसून माहीत होतं.

"आते कोनाकडे शेस तू?" तिनं माहेरच्या अहिराणीत विचारलं, म्हणजे आता कुणाकडं आहेस.

कुसाबाईनं आधी एका मुलाकडं पाहिलं, मग दुसऱ्याकडं. दोघांच्याही कपड्यांना गंज लागलेला होता.

"मी मधी शे," ती म्हणाली. "कोनाच्या वाटनीत नई ना, म्हनून."

वाल्मीकला आपण फुंकलेली नळी आठवली. त्याला आईकडं बघवेना.

तेवढ्यात बाहेर गाडी हळूच मागं सरकू लागली. हँडब्रेकची दांडी पुढं असते आणि तो लागतो मागच्या चाकांना, त्यामुळं तोही राहून गेला होता. वाल्मीक धावत जाऊन दाराला धरून लोंबकळला. "अमोल, दगड दे."

दगड नव्हते. ढिगाच्या जागी दोन विटा उरल्या होत्या. अमोलनं त्या उचलून नेल्या आणि मागच्या चाकांखाली एकेक सरकवली. गाडी टेकली. दोघं तिला धरून क्षणभर उभे राहिले, हलते का पाहत. हलली नाही.

"उद्या गवंड्याला काय सांगू?" अमोलनं विचारलं.

वाल्मीकनं हात पुसले.

"विटा संपल्या म्हणून सांग."